तर मी आणते मग

कॅसेटला पाच स्क्रू असतात. चार कोपऱ्यांना चार आणि एक मध्ये. घड्याळजीकडचा बारीक स्क्रू ड्रायव्हर असला तर दोन मिनिटांत निघतात, पण झाकण उचलताना हात हलला की आतली फीत अशी उसळते की नंतर तासभर पेन्सिल फिरवत बसावं लागतं. १९९२ सालच्या मे महिन्यात, सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याच्या मधल्या खोलीत, दादा आणि त्याचा मित्र जोश्या श्वास रोखून हे ऑपरेशन करत होते. मी, वय वर्षं पंधरा, निघालेले स्क्रू बशीत सांभाळत बसले होते.

जोश्याला रद्दीच्या दुकानात एक जुनं इंग्रजी मासिक मिळालं होतं. त्यात लिहिलं होतं की बीटल्समधला पॉल मॅकार्टनी १९६६ सालीच मोटार अपघातात गेला, उरलेल्या तिघांनी त्याच्यासारखा दिसणारा एक तोतया आणून उभा केला, आणि मग मन खायला लागलं म्हणून की काय, आपल्याच रेकॉर्डांमध्ये त्या गुपिताच्या खुणा पेरून ठेवल्या. सगळ्यात मोठी खूण म्हणे 'रेव्होल्यूशन नाइन'मध्ये. १९६८ सालच्या त्यांच्या पांढऱ्या वेष्टणातल्या जोड-रेकॉर्डवरचा हा आठ मिनिटांचा प्रकार. त्याला गाणं म्हणवत नाही. फितींचे तुकडे जोडून केलेला गोंगाट, आणि त्यात एक माणूस अगदी थंडपणे 'नंबर नाइन, नंबर नाइन' म्हणत राहतो. ते उलटं वाजवलं की 'टर्न मी ऑन, डेड मॅन' असं ऐकू येतं, असं मासिकाचं म्हणणं.

उलटं वाजवायचं कसं? रेकॉर्ड असती तर बोटाने मागे फिरवली असती. आमच्याकडे होती कोरी टीडीके कॅसेट आणून तिच्यावर भरून घेतलेली प्रत. पण जोश्याचं डोकं अशा उद्योगांत फार चालायचं. फितीवर दोन्ही बाजूंचं गाणं शेजारी शेजारी दोन पट्ट्यांत असतं, एक इकडून तिकडे जाणारं, दुसरं तिकडून इकडे येणारं. फितीला अर्धा पीळ देऊन बसवली की तिची पाठ हेडकडे येते आणि खालची पट्टी वर जाते. मशीनला वाटतं आपण ए बाजू वाजवतोय. वाजत असते बी, तीही शेवटाकडून सुरुवातीकडे. पाठीकडून वाजतं म्हणून आवाज मात्र रजईत तोंड खुपसून कुणी बोलावं तसा.

तर ती वाजली. पहिल्या खेपेला मला काही म्हणता काही कळलं नाही. घशात पाणी अडकल्यासारखे आवाज. दादालाही नाही. मग जोश्याने वाक्य सांगितलं, पुन्हा मागे घेतलं, आणि अंगावर सर्रकन काटा आला. स्वच्छ ऐकू आलं! टर्न मी ऑन, डेड मॅन. पुन्हा. पुन्हा. भर दुपारी त्या खोलीत एक मेलेला इंग्रज येऊन बसला.

तेवढ्यात आई गच्चीवरून कुरडयांचं ताट घेऊन खाली आली. उंबऱ्यात थांबली, कान दिला, आणि म्हणाली, "काय आणते?"

"काय काय आणते?"

"ती बाई म्हणतेय ना सारखी. 'तर मी आणते मग.' काय आणतेय, साखर?"

त्यानंतर आमच्यापैकी एकालाही तिथे डेड मॅन ऐकू आला नाही. जोश्याने चार-पाच वेळा जिवाच्या आकांताने फीत मागे घेतली. प्रत्येक वेळी ती बाई तेवढ्याच आपुलकीने 'तर मी आणते मग' म्हणाली. जोश्या आईवर चिडला आणि चहा न घेता गेला. त्याला हे नवीन होतं.

पुढे कधीतरी वाचनात आलं की कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठातल्या व्होकी आणि रीड या दोन मानसशास्त्रज्ञांनी नेमका हाच खेळ रीतसर मांडून १९८५ साली त्यावर शोधनिबंध लिहिला होता. उलट्या वाजवलेल्या मजकुरातून ऐकणाऱ्यांना अर्थ म्हणून काही लागत नव्हता. पण अमुक वाक्य आहे, शोधा, असं सांगितलं की ते हमखास सापडत होतं. निबंध वाचून मला आईचाच अभिमान वाटला. तिने ताट हातातून खाली न ठेवता तेच सिद्ध केलं होतं.

पॉलच्या मरणाची ही कथा तेव्हापासून माझ्या मागे लागली. मी काही तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. पण एखाद्या जित्याजागत्या माणसाचं मरण लोकांनी इतक्या प्रेमाने, इतकी मेहनत घेऊन रचावं, हे काय गौडबंगाल आहे याचा छंद लागला. आणि जितकं खणत गेले तितकं लक्षात आलं की या कथेतल्या खोट्या खुणांपेक्षा तिच्याभोवतीच्या खऱ्या गोष्टी जास्त चमत्कारिक आहेत.

आता हेच बघा. पॉलला अपघात झाला होता, हे खरंच आहे. फक्त मोटारीचा नव्हे, मोपेडचा, आणि १९६६ चा नव्हे, १९६५ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा. लिव्हरपूलकडे घरी आलेला असताना टारा ब्राउन नावाच्या श्रीमंत तरुण मित्राबरोबर मोपेडवरून जात होता, चंद्र बघण्याच्या नादात तोंडावर आपटला. पुढच्या दाताचा टवका उडाला, ओठ फाटला, टाके ओबडधोबड पडले. पुढच्या मे महिन्यात काढलेल्या त्यांच्या चित्रफितींत तो तुटका दात दिसतो. ओठावरचा उंचवटा झाकायला पॉलने मिशा वाढवल्या. म्हणजे चेहरा बदलला होता, हे लोकांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. आणि तोच टारा ब्राउन १८ डिसेंबर १९६६ च्या रात्री लंडनमध्ये मोटार अपघातात गेला, अवघ्या एकविसाव्या वर्षी. पडला पॉल, गेला टारा. अफवेने दोघांचं एकत्र पिठलं केलं.

लंडनमध्ये तर जानेवारी १९६७ मध्येच आवई उठली होती की महामार्गावर बर्फात घसरून पॉलची गाडी चेंदामेंदा झाली. प्रसिद्धी बघणाऱ्या माणसाने त्याच्या घरी फोन केला, तर फोन उचलला साक्षात पॉलनेच. दिवसभर घरीच होता, काळी मिनी कूपर गॅरेजमध्ये कुलूपबंद. चाहत्यांच्या मासिकात फेब्रुवारीत चार ओळींचा खुलासा छापून आला आणि प्रकरण मिटलं. इंग्लंडात ते मिटलं म्हणजे मिटलंच. ते पुन्हा उकरलं गेलं अडीच वर्षांनी, अमेरिकेत.

१७ सप्टेंबर १९६९ ला आयोवातल्या ड्रेक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात 'पॉल मेला आहे का?' अशा अर्थाचा लेख आला. १२ ऑक्टोबरला, रविवारी, डेट्रॉइटच्या रेडिओवर रस गिब नावाचा निवेदक रेकॉर्डी लावत असताना टॉम म्हणून एकाचा फोन आला: ते 'नंबर नाइन' जरा उलटं वाजवा हो. गिबने हवेत, थेट प्रसारणात, बोटाने रेकॉर्ड उलटी फिरवली. झालं. फोनच्या तारा तापल्या. आणि तो कार्यक्रम ऐकत होता मिशिगन विद्यापीठातला फ्रेड लाबोर नावाचा विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या दैनिकासाठी बीटल्सच्या नव्याकोऱ्या 'अ‍ॅबी रोड'चं परीक्षण त्याच्या गळ्यात पडलेलं होतं आणि सुचत काही नव्हतं.

या लाबोरवर माझा जीव आहे. परीक्षण लिहायचं सोडून त्याने १४ ऑक्टोबरच्या अंकात पॉलचा मृत्युलेखच ठोकून दिला, पुराव्यांसकट. ऐकलेल्या खुणा थोड्या, मनच्या पुष्कळ. तोतयाला नावगाव हवं म्हणून त्याने विल्यम कॅम्बेल नावाचा पॉलसदृश चेहऱ्यांच्या स्पर्धेतला विजेता जन्माला घातला. आधी ग्लेन कॅम्बेल लिहिणार होता, पण त्या नावाचा गायक आधीच प्रसिद्ध होता, म्हणून बदललं. बीटल्सच्या एका गाण्यातला 'वॉलरस' म्हणजे ग्रीक भाषेत प्रेत, असंही छातीठोक लिहून मोकळा झाला. ग्रीकमध्ये तसलं काही नाही. बीटल्समधल्या जॉन लेननने आदल्या वर्षी 'ग्लास ओनियन' या गाण्यात 'तो वॉलरस म्हणजे पॉल' अशी एक ओळ केवळ अर्थ लावणाऱ्यांची गंमत करायला टाकून ठेवली होती. लाबोरच्या बनावट ग्रीकने त्या थट्टेचा पंचनामा झाला. अंक हातोहात खपला, आणि या पोराच्या थापा आठवड्याभरात देशभरच्या वर्तमानपत्रांत 'पुरावे' म्हणून छापून आल्या.

नोव्हेंबरअखेर एका टीव्ही कंपनीने या विषयावर चक्क खटल्याचा कार्यक्रम केला. उलटतपासणीला एफ. ली बेली, म्हणजे त्या काळचा अमेरिकेतला नावाजलेला फौजदारी वकील. साक्षीदारांत लाबोर. चित्रीकरणाच्या आधी पोराने बेलीला कबूल करून टाकलं की साहेब, हे मी बसून रचलंय. त्यावर बेलीचं म्हणणं असं पडलं की आपल्याला तासभराचा कार्यक्रम करायचाय, तेव्हा आता निभावून ने. पुढे लाबोर काउबॉय गाणी गाणाऱ्या एका मंडळीत 'टू स्लिम' नावाने डबल बास वाजवायला लागला आणि त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. तोतयाची कथा रचणाराच आयुष्यभर दुसऱ्या नावाने वावरला! मी खूण शोधणाऱ्यांतली असते तर यावर एक परिशिष्ट लिहिलं असतं.

आणि 'अ‍ॅबी रोड'चं ते वेष्टण. ८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी स्टुडिओबाहेरच्या रस्त्यावर शिडी लावून इयन मॅकमिलनने सहा फोटो काढले, पोलिसाने तेवढ्यापुरती वाहनं थांबवली. चौघं झेब्रा पट्ट्यांवरून एका रांगेत रस्ता ओलांडताहेत. अमेरिकन पोरांना त्यात अंत्ययात्रा दिसली. पांढऱ्या सुटातला लेनन म्हणजे पाद्री, काळ्यातला रिंगो म्हणजे मयताची व्यवस्था बघणारा, डेनिममधला जॉर्ज कबर खणणारा आणि अनवाणी पॉल म्हणजे प्रेत. इथे माझं मराठी डोकं अडतं. आमच्याकडच्या यात्रेत अनवाणी असतो तो मडकं धरणारा, म्हणजे जिवंत, आणि त्याला डांबराचे चटके बसत असतात. पांढऱ्यात असतात ते घरचे. आणि मयताला मुळात चालावं लागत नाही, तेवढं एक सुख असतं. वाड्यातल्या कुणालाही तो फोटो दाखवून 'यातला गेलेला कोण' विचारलं असतं तर 'अगं, धडधाकट चाललेत की चौघं' असंच उत्तर आलं असतं. सहांपैकी पहिल्या दोन फोटोंत पॉलच्या पायात सँडल आहेत, ही आणखी एक गंमत. तिसऱ्याच्या वेळी काढल्या. उकडत होतं.

मागे उभ्या फोक्सवॅगनच्या पाटीची तर आम्ही घरी फार मजा केली. पाटीवर २८१एफ, त्यातला एकचा आकडा 'आय' वाचायचा, म्हणजे '२८ इफ', म्हणजे जगला असता तर अठ्ठावीस. अडचण एवढीच की जून १९४२ चा पॉल, ती रेकॉर्ड आली त्या सप्टेंबरात, सत्तावीसचा होता. त्यावर काही विद्वानांनी तोड काढली की भारतातले साधू म्हणे गर्भापासून वय धरतात, आणि बीटल्स तर भारतीय अध्यात्माच्या नादी लागलेले. साधूंपर्यंत कशाला जायचं? स्थळं बघणारी कुठलीही आत्या सांगेल: सत्तावीस पूर्ण, अठ्ठाविसावं लागलं. तेवढ्यापुरती ती पाटी आमच्या पद्धतीने अगदी बरोबर होती, हे दादाला पटलं होतं आणि आजही पटतं.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पण एक गोष्ट मला हसू देत नाही. मी ज्या पेठेत वाढले तिचं नाव सदाशिवरावभाऊंवरून आहे. तोतया हा शब्द आम्ही ऐकला तोच मुळी त्यांच्यामुळे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर भाऊ पडले. ती बातमी दक्षिणेत आली तीसुद्धा खुणेच्या भाषेत, एका सावकारी पत्रातून: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. शाळेच्या पुस्तकात हे वाचताना पोटात कालवाकालव व्हायची. (सत्तावीस! पॉलचं वय! जोश्या असता तर उडालाच असता.) ही खूण मात्र खरी होती. दोन मोती म्हणजे कोण हे उलगडून सांगायला कुणी लागलं नाही.

तरीही माणसांनी मानलं नाही. भाऊंची बायको पार्वतीबाई हिने मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. आणि पुढे भाऊ म्हणून एकजण उभा राहिलाच. त्याला कैदेत टाकलं. तिथून तो सुटला आणि १७७६ साली कोकणातले किल्ले त्याच्या बाजूला जाऊ लागले, फौज जमली. शेवटी पकडून पुण्यात मारलं. शहाणीसुरती माणसं त्याच्यामागे का गेली असतील? त्यांना तो भाऊसाहेबांसारखा दिसला म्हणून? की भाऊ गेले असं म्हणवत नव्हतं म्हणून? आमच्याकडे मेलेला माणूस जगवायला तोतया लागला. डेट्रॉइटला जिवंत माणूस मारायला. मी बरीच वर्षं या दोन गोष्टी एकमेकींच्या उलट आहेत असं समजत होते. आता तसं वाटत नाही. दोन्हीकडे लोकांना एवढंच कळत होतं की जे होतं ते आता राहिलेलं नाही, आणि ते कुणी तोंडाने सांगत नव्हतं.

कारण १९६६ पासून खरोखरच काहीतरी संपत आलं होतं. २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत कँडलस्टिक पार्कच्या मैदानावर कार्यक्रम झाला, त्यानंतर तिकीट काढून बीटल्सला ऐकायला जाणं कुणाच्याच नशिबी आलं नाही. जी पोरं रेडिओ, टीव्ही, मैदानं सगळीकडे दिसायची ती महिनोन् महिने गायब, आणि नंतर उगवली ती मिशा लावून, रंगीत लष्करी कोट घालून, ओळखू न येणारं संगीत घेऊन. हे ते नव्हेतच, असं एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीला वाटलं तर तिचं काय चुकलं?

आणि आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. कथेत पॉलच्या मृत्यूची तारीख म्हणून पुढे पक्की झाली ती ९ नोव्हेंबर १९६६. त्या दिवशी पॉल कुठे होता? फ्रान्समध्ये, रस्त्यावर, वेष बदलून. ६ तारखेला आपली ॲस्टन मार्टिन मोटार घेऊन तो एकटाच तिकडे गेला होता. खोट्या मिशा, चष्मा, केस व्हॅसलिनने मागे चापून बसवलेले, लांब कोट. कॅमेरा घेऊन गावोगाव हिंडायचं, कुणी ओळखायचं नाही. बोर्दोला तो त्या अवतारात एका डिस्कोच्या दारात गेला तर दारवानाने हाकलून दिलं. हॉटेलात परत येऊन मिशा उतरवल्या, पॉल मॅकार्टनी होऊन पुन्हा गेला, तेव्हा स्वागत झालं. १२ तारखेला तिथल्या जुन्या घड्याळाच्या बुरुजाखाली त्यांचा सोबती मॅल एव्हन्स ठरल्याप्रमाणे भेटला, पुढे दोघं केनियाला गेले, आणि परतीच्या विमानात पॉलला कल्पना सुचली की पुढची रेकॉर्ड आपण बीटल्स म्हणून करायचीच नाही. दुसऱ्याच एका बँडचं सोंग घ्यायचं. सार्जंट पेपर. त्यात एक बिली शियर्स नावाचा गायकही असेल.

म्हणजे तोतया होता. लोकांची शंका शंभर टक्के बरोबर होती. फक्त तो बाहेरून आणलेला नव्हता. पॉलच पॉलची जागा दुसऱ्या कुणाला देता येते का ते बघत फिरत होता. (बाहेरून आणलेला असेल, तर त्याने पुढे 'ब्लॅकबर्ड' आणि 'हे जूड' लिहिलं. असे तोतये मिळत असतील तर आपल्याकडेही दोन-चार पाठवा, नाट्यसंगीताला बरे पडतील.)

१९६९ च्या ऑक्टोबरात मात्र तो सोंग करण्याच्या मनःस्थितीत नव्हता. स्कॉटलंडच्या पश्चिम टोकाला, किन्टायरला, त्याची एक पडकी शेतवाडी होती. बायको लिंडा, तिची मोठी मुलगी आणि ऑगस्टच्या शेवटी जन्मलेली तान्ही मेरी, असे सगळे तिथे जाऊन राहिले होते. बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, पण २० सप्टेंबरला, म्हणजे आयोवातला तो लेख आल्यावर तिसऱ्या दिवशी, लंडनच्या कचेरीत भरलेल्या बैठकीत लेननने सांगून टाकलं होतं की मी चाललो, मला घटस्फोट हवाय. रेकॉर्ड कंपनीशी करारमदार व्हायचे होते म्हणून कुठे बोलायचं नाही असं ठरलं. पॉलने पुढे स्वतःच सांगितलंय की त्या दिवसांत तो दाढी करत नव्हता, अंथरुणातून उठावंसं वाटत नव्हतं, दारू सकाळपासून चालायची. बारा वर्षं ज्यात काढली ते गेलेलं, आणि सुतकही उघडपणे पाळता येत नाही. अशात अमेरिकेतून फोन यायला लागले: तुम्ही जिवंत आहात का?

'लाइफ' मासिकाने आपली माणसं त्या शेतावरच धाडली. चिखल तुडवत ती आली, आणि पॉलने दारातून पाण्याची बादलीच त्यांच्या अंगावर फेकली. कॅमेऱ्याने तेही टिपलं. मग त्याच्या लक्षात आलं की हा फोटो छापून आला तर शोभा होईल. मागे धावत जाऊन त्यांना गाठलं आणि सौदा केला. ती रीळ मला द्या, मी तुम्हाला घरच्यांबरोबर नीट फोटो आणि मुलाखत देतो. ७ नोव्हेंबर १९६९ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर ते कुटुंब आहे. पॉलच्या कडेवर तान्ही मेरी, वाऱ्याने विस्कटलेले केस.

मुलाखत छोटी आहे. खुणांची उत्तरं त्याने वैतागून भराभर देऊन टाकली. उकडत होतं म्हणून अनवाणी. एका फोटोत इतरांच्या कोटाला लाल फूल आणि त्याच्या काळं, तर लाल फुलं संपली म्हणून. 'सार्जंट पेपर'च्या वेष्टणातल्या फोटोत त्याच्या बाहीवर दिसणारी अक्षरं म्हणजे कॅनडात मिळालेला पोलिसांचा बिल्ला. मोटार तिथे उभी होती म्हणून उभी होती. आणि मग तो स्वतःबद्दल बोलला. दहा वर्षं मी चालू होतो, म्हणाला, बटण कधी बंदच केलं नाही. आता जमेल तेव्हा बंद करतो.

मी ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा उठून दादाला फोन केला. अख्खी अमेरिका रेकॉर्डी उलट्या फिरवून, सुया मोडून 'टर्न मी ऑन' ऐकत होती. मला चालू कर. आणि तो माणूस छापील मासिकात, सरळ, डावीकडून उजवीकडे वाचता येईल असं सांगत होता की मला बंद होऊ द्या.

त्याच मुलाखतीत पुढे आणखी एक वाक्य आहे. बीटल्स प्रकरण आता संपलंय, असं तो म्हणतो. काही आमच्या करण्याने, काही इतरांच्या. कुठलाही आडपडदा नाही, सूचक फूल नाही, वॉलरस नाही. त्या दशकातली संगीताच्या जगातली सगळ्यात मोठी बातमी, लक्षावधी प्रतींच्या मासिकात, खुद्द त्याच्या तोंडून. कुणी तिची दखल घेतली नाही. वर्तमानपत्रांनी 'पॉलने बीटल्स सोडले' असा मथळा दिला तो १० एप्रिल १९७० ला, पाच महिन्यांनी, आणि तेव्हा जग हादरलं.

त्या अंकाचे वाचक काय करत होते? मुखपृष्ठाच्या पाठीमागे एका मोठ्या मोटारीची पानभर जाहिरात होती. कुणाच्या तरी लक्षात आलं की पान उजेडासमोर धरलं तर ती मोटार आरपार दिसते, बरोबर पॉलच्या छातीतून गेलेली. मग घरोघर ते पान दिव्याला लावून बघणं सुरू झालं.

आम्हाला तो अंक रद्दीत मिळाला असता तर जोश्याने आधी ट्यूबलाइट लावली असती. आणि मी स्टूल धरून उभी राहिले असते.